कडेची खुर्ची

तिकीट काढताना कडेची खुर्ची मागितली.
सत्तावन्नाव्या वर्षी माणूस
सोलो संपायची वाट बघतो, बाथरूमसाठी.

वाशीच्या हॉलमधला एसी असा
की निम्म्या काळ्या टीशर्टांवर स्वेटर.
माझ्या टीशर्टावरचं वटवाघूळ धुऊन धुऊन
चिमणी झालंय.
तरी घातला. नाहीतर कशाला यायचं.

थर्ड शिफ्ट.
वागळे इस्टेटीतल्या बंद शेडमध्ये
रात्री सराव करायचे, म्हणून हे नाव.
एकोणनव्वद साली, ठाण्यात, कॉलेजच्या मैदानावर
स्पीकरच्या तोंडाशी उभा होतो अडीच तास.
तेव्हापासून डाव्या कानात एक बारीक शिट्टी आहे.
डॉक्टर तिला आजार म्हणतात.
मी ती जपून ठेवलीय.

आता सगळी गाणी त्यांनी दोन सूर खाली उतरवलीत.
शेजारच्याला कळलं नाही, मला कळलं.
ठीक आहे. आम्हीही कठडा धरूनच उतरतो.
ड्रमवर कारखानीसच, मनगटाला पट्टा बांधून.
ऑस्विन परेरा गिटार बसून वाजवतो,
पण एक पाय असा पुढे ठेवतो
की लांबून उभा वाटावा.

मग पडद्यावर अक्षरं आली : विशेष सहभाग.
मी जयवंतला एडमंटनला मेसेज टाकला,
झालं, आली सतार.
म्हातारे झाले की सगळेच कुणाला तरी बोलावतात,
आणि त्याला संगम म्हणतात.
कंपनीची दोन मर्जरं पाहिलीत मी.
एकाची पाटी राहते,
दुसऱ्याचं कँटीन बंद होतं.

सतार नव्हती.
घणसोलीच्या चांगुणाबाई मढवी, धवलारीण.
हिरवं लुगडं, पायात नातवाचे बूट.
मी खुर्चीत खाली सरकलो,
गावातलं कुणी बघत असल्यासारखा.

सिडकोचे पैसे आले तेव्हा
भावाने जीप घेतली, मी डेक घेतला.
एक्क्याण्णवला बहिणीच्या हळदीत
खाली ओटीवर बायका धवले गात होत्या
आणि मी माळ्यावर, दार लावून,
थर्ड शिफ्टची कॅसेट फुल आवाजात.
कुणीतरी दार वाजवलं होतं.
उघडलं नाही.

कारखानीसने चार मोजले.
बाई सुरू झाल्या नाहीत.
पुन्हा चार. पुन्हा.
त्यांनी पदर नीट केला, माइकवर बोट आपटून पाहिलं,
मागे वळून म्हणाल्या,
'थांब रं पोरा, हलद नाय लागली अजून.'
सत्तरीचा पोरगा थांबला.
काठ्या मांडीवर ठेवून दिल्या.

आणि मग तो आवाज.
त्याला ठेका नव्हता, घाई नव्हती,
एकेका देवाला घरी जाऊन बोलवावं
तसा तो दारोदार फिरत होता.
त्याचा सूर गिटारच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी.
ऑस्विनने पेडल बंद केलं,
तार ओढत ओढत वर नेली,
थोडी कमी पडली, अजून ओढली,
तिथे पोचला आणि धरून बसला.
हीच ओढ मैदानावर ऐकली होती मी.
तेव्हा आम्हाला तो राग वाटला होता.

मध्यंतर झालं. उठायचं राहून गेलं.

शो सुटल्यावर पार्किंगमध्ये
त्या टेम्पोची वाट बघत होत्या.
ऑस्विन त्यांची पिशवी धरून.
मी सही मागायला म्हणून गेलो, त्याची,
तर बाईंनीच विचारलं, कोनाचा रं तू?
वडलांचं नाव सांगितलं.
'तुझे बहिनीची हलद मीच गायली.
तू नाय दिसलास तवा.'
माळ्यावर होतो, म्हटलं.
त्या थोडा वेळ बघत राहिल्या.
'मंग ऐकला असशील,' म्हणाल्या,
आणि टेम्पो आला.

जयवंतचं उत्तर आलं होतं : कसली सतार?
काय लिहू.
डेक अजून आहे, बेल्ट तुटलाय.
कानातली शिट्टी चालू आहे
आणि आज पहिल्यांदाच मला सांगता येत नाही
ती नेमकी कुठल्या सुरात आहे.