द्विवचन

आठवीला संस्कृत घेतलं आम्ही तिघींनीच:
शमा मुजावर, पद्मा अलगोंडा आणि मी.
पद्मा गुणांसाठी. शमा पद्मासाठी.
वर्गखोली नव्हती. निपाणीत सायकल स्टँडमागं
तंबाखूच्या वखारीची जी भिंत,
तिला टेकवलेला फळा.
सुगी सुरू झाली की मगदूम सरांना
दर तिसऱ्या शब्दाला शिंक यायची,
आम्ही तीही वहीत उतरवायचो, विसर्गासारखी.

घरी आई विड्या वळायची.
पत्रा ठेवून पान कापायचं, जर्दा, दोरा,
पंचवीसचा कट्टा.
मी शेजारी बसून घोकायची,
देवः देवौ देवाः,
आणि तिची बोटं त्या ठेक्यावर यायची.
चतुर्थीला अडले की
मान वर न करता म्हणायची,
"देवाय. म्होरं चल."

तुकामामा म्हणाला, ह्येचा काय उपेग?
नर्सिंगला घाल पोरीला.
आई बराच वेळ गप्प. दोरा दातानं तोडला.
"आपल्याला शिकू देत न्हवते म्हणं हे.
शिकू दे की. बघू तरी
काय झाकून ठेवलंतं."

काय होतं?
खरं सांगू, फार नव्हतं.
एक बगळा, एक खेकडा, एक मूर्ख राजा,
पुष्कळसा कर्मणी प्रयोग.
आणि मधल्या रकान्यात ते द्विवचन.

सर भोजचे. घरी कानडी, बाजारात मराठी,
बस्तीत प्राकृत, चिडले की तिन्ही.
म्हणाले, एक संपलं की लगेच अनेक
असं नव्हतं या भाषेत.
दोघांना वेगळं घर होतं.
डोळ्यांना, बैलजोडीला,
भांडून एकाच बाकावर बसलेल्यांना.
मराठीनं ते घर मोडलं.
कानडीत कधी बांधलंच नव्हतं.

एका रविवारी सायकलींवरून संगमावर नेलं.
वेदगंगा गढूळ, दूधगंगा हिरवट,
थोडा वेळ पाणी शेजारी-शेजारी चाललेलं.
वाळूत काठीनं लिहिलं: नद्यौ.
"पुढं एकच नदी. एकीचंच नाव उरतं.
पण इथनं त्या करंजापर्यंत..."
आणि शिंकले.

दहावीत विषय बंद.
तिघींसाठी मास्तर परवडत नाही, असं पत्र आलं.
कानडीत होतं. सरांनीच मराठीत समजावलं,
अगदी नीट, एकही शब्द न गाळता.

आता मी कचेरीत, आवकजावक टेबलाला.
परवा अकोळचे एक आजोबा आले,
बांधाचा जुना कागद, मराठी.
काचेपलीकडचा नवा साहेब विजापूरचा.
दोघांचेही आवाज चढले.
मी कागदावर बोट ठेवत गेले:
पूर्व. पश्चिम. दक्षिण. उत्तर.
आजोबा वाचत होते, साहेब मान हलवत होता.
चार शब्द. पाचव्याला पुन्हा भांडण.

यासाठी शिकले नव्हते मी.
कशासाठी शिकले, तेही धड सांगता येत नाही.
इथं पाट्यांना डांबर फासतात,
कधी हिच्या, कधी तिच्या.
द्विवचनाला कुणी फासलं नाही.
त्याची पाटीच नव्हती कुठं.

आईला आता दिसत नाही फारसं.
विड्या सुटल्या, बोटं सुटत नाहीत,
झोपेतही हवेचं पान वळतात.
काल रात्री मी त्यांच्याकडं बघत
जुनं रूप चालवून पाहिलं.
हस्ताभ्याम्, दोन हातांनी.
हस्ताभ्याम्, दोन हातांसाठी.
हस्ताभ्याम्, दोन हातांपासून.
तीन विभक्ती, रूप एकच.

"ते सोपं हुतं बग,"
अंधारातनं आई म्हणाली,
"तीन येळा त्येच."
मग कूस बदलली.