दोन नंबरची डबी

पिठाच्या गिरणीत पत्रक चिकटवलेलं:
ऐकू कमी येणारे पाहिजेत,
वय चाळीस ते पासष्ट,
बसभाडं मिळेल, मानधन वेगळं.
पाहिजेत, म्हणे!
एकतीस वर्षं वडगावात पॉवरलूम हाकलो,
मालक म्हणायचा, बहिरा बरा, उलट बोलत नाही.
पण पाहिजे असं कुणी म्हटलं नव्हतं.

सुमंगला हिरेमठ, माझ्या धाकटीएवढी पोरगी,
फॉर्म तीन भाषांत पुढं ठेवली.
कन्नड मी अडखळत वाचतो, दुकानाच्या पाट्यांवर शिकलेलं.
इंग्रजी नाही.
मराठीतला कुणी धारवाडकडच्यानं लिहिलेला असावा:
‘सहभागीस कोणतीही बळजबरी नसे.’
नसे! हसू आलं.
कलम सात: कधीही सोडून जाता येईल,
कारण सांगावं लागणार नाही.
तेवढं दोनदा वाचलो.
असलं कलम मागावर नव्हतं, लग्नातही नव्हतं.
सही केलो. य. भ. उचगावकर.

मग काचेची खोली,
कापूस ठासल्यागत गप्प.
ती म्हणाली, साखर. मी म्हणालो, आखर.
शेत. एत.
मग कन्नडात, सक्करे.
अक्करे, म्हणालो मी,
आणि ती एकदम हसली.
‘अक्करे म्हंजे माया की हो, काका.’
चूकच लिहा, म्हणालो.

दोन डब्या दिल्या.
एक नंबर दहा दिवस, दोन नंबर दहा दिवस.
एक जुनी, एक नवी,
कुठली कुठली ते तिलाही सांगितलेलं नाही.
रोज रात्री वहीत भरायचं:
शिट्टी वाजते का, कान दुखतो का,
टीव्ही कितीवर.

एक नंबरनं सगळं नुसतं मोठं झालं.
ताटं मोठी, कावळा मोठा,
खासबागच्या कोपऱ्यावरचे रिक्षावाले मोठे.
शब्द मात्र होते तसेच, दात पडलेले.
आनंदी म्हणाली, फुकट गेलं बघा,
मोठ्यानं म्हणाली, मला कळावं म्हणून.

दोन नंबरच्या तिसऱ्या सकाळी
दाढी करत होतो, चुलीकडं पाठ.
आनंदी बोलत होती.
कुणाशी, म्हणून आरशात बघितलो,
तर माझ्या पाठीशी.
‘गुडघा आज पायरी उतरू देईना.
सांगून काय उपयोग.’
मग भावाला गुपचूप दिलेले दोन हजार,
मग शेंगा कशा महाग झाल्यात,
मग माझं नाव,
नुसतंच, मागं पुढं काही नाही,
जणू भांडं ठेवता ठेवता हाताला लागलं.

वस्तरा गालावर तसाच.
किती वर्षं ही पाठीला सांगते आहे?
वळलो नाही.
वळलो असतो तर गप्प झाली असती.
पुढचे सात दिवस
दाढीला अर्धा तास लावलो.
वहीत लिहिलो, त्रास नाही.
दुसरं काही लिहायला रकाना नव्हता.

‘कुठली चांगली?’ सुमंगला विचारली.
दोन.
‘का?’
तिच्यात स ऐकू येतो.
ती लिहून घेतली. विकत कधी मिळेल, म्हणालो,
तर वर्ष, दोन वर्षं, पास झाली तर,
आणि किंमत तिलाही माहीत नाही.
डबी स्पिरिटनं पुसली, पिशवीत घातली,
वर माझा नंबर: शून्य एक सात.
चार हजार दोनशे, पाकिटात.
पावतीवर परत सही.

कपिलेश्वर पुलाखालच्या मेडिकलात
गुडघ्याचे पट्टे घेतलो, जोडी.
माप विचारला तो. माहीत नव्हतं.
मधलं द्या म्हणालो.

आनंदी पुडकं सोडली,
पट्टे बघितली, मला बघितली.
मी चपला काढायला पाठ फिरवलो.
मागनं ती काहीतरी म्हणाली,
बरंच लांब होतं,
त्यात दोन-तीन स असावेत.
हो, म्हणालो मी,
नेहमी म्हणतो तसं.