भार

उलवे, सेक्टर एकोणीस. मजले चौदा,
लिफ्ट शुक्रवारपासून बंद. बिघडली म्हणून नाही,
लोक घाबरले म्हणून.
पिशवीत मल्टिमीटर, दहा-अकराचा पाना,
व्हॅसलिनची डबी, डिस्टिल्ड वॉटरच्या दोन बाटल्या
आणि आईने दिलेला डबा,
जो नवव्या मजल्यावर सगळ्यात जड होतो.

मशीन रूमचं दार किल्लीने उघडत नाही.
आधी थोडं उचलावं लागतं,
हे फक्त वॉचमन रामसमुझला ठाऊक.

आत एआरडीचा डबा, खाली चार बॅटऱ्या,
एकीचं शेपूट दुसरीच्या तोंडात.
खाडीचा वारा जाळीतून येतो आणि शिशावर बसतो.
टर्मिनलवर हिरवट पांढरा फुलोरा.
कोमट पाणी, खायचा सोडा, जुना टूथब्रश.
फेस येतो, फसफसतो, थांबतो.
पुसून घेतो. वर व्हॅसलिनचं बोट.

मीटर म्हणतो एकावन्न पॉइंट चार.
सेक्रेटरी वैशंपायन फोनवर: "मग ठीक आहे की!
नव्या कशाला?"

साहेब, भार नसताना
सगळेच एकावन्न दाखवतात.

रिकामी लिफ्ट खाली सोडतो
आणि मधेच मेन पाडतो.
एक, दोन, तीन. खट्.
ब्रेक सुटतो, दोर थरथरतात,
आकडा सेहेचाळीस, त्रेचाळीस, अडतीस,
मग काहीच नाही.
पेटी सातव्या-आठव्याच्या मधे, अधांतरी.

चौघींतली तिसरी.
हायड्रोमीटरचा तरंग तिच्या पाण्यात
गळ्यापर्यंत बुडतो, वर यायचं नाव नाही.
तिच्या कुशीवर मार्करने तारीख
आणि ओळखीचं वळण: शरीफ.

शरीफ उस्तादांनी शिकवलं मला.
"बॅटरीला कशी आहेस विचारू नको.
तिला काम सांग, आणि तोंडाकडं बघ."
मी मात्र वर्षभर त्यांना फोनवर विचारत राहिलो,
कसे आहात?
"फस्क्लास रे."
ईदला तुर्भ्याला गेलो. त्यांच्या जुन्या मिक्सरचा
एक स्क्रू आवळायचा होता. पेचकस दिला हातात.
बघत राहिलो.
मग तो त्यांनीच परत दिला,
आणि शीरखुर्मा गार होतोय म्हणाले.

शुक्रवारी आत अडकल्या होत्या
अकराव्या मजल्यावरच्या कुंदाताई गोवारी,
सव्वीस मिनिटं, एकट्या, मोबाइल घरी.
मोड आलेले वाल घेऊन
चौथ्यावर निघाल्या होत्या, सुनंदाकडं,
दोघी मिळून सोलू म्हणून.
दार फाकवून काढलं तेव्हा
मांडीवर पातेलं, वाल सगळे सोललेले.
"अंधारात हातांना तेवढंच येतं," म्हणाल्या.
रडल्या नंतर, घरी गेल्यावर.
हे रामसमुझने सांगितलं.

कमिटीने एकीला मंजुरी दिली. एकीलाच.
तीन जुन्यांत एक नवी घालू नये,
महिन्याभरात ती त्यांच्या वयाची होते.
रजिस्टरमध्ये लिहिलं तसं, खाली सही,
वैशंपायनांनी चष्मा न लावता 'पाहिले' केलं.

नवी वर आणली ती जिन्यानेच.
एक कडी रामसमुझकडं, एक माझ्याकडं,
दर मजल्यावर हात बदलत.
वायर आवळल्या. लाल, काळी, पुन्हा लाल.
मेन पाडला.
एक, दोन, तीन. खट्.
सत्तेचाळीस. शेहेचाळीस. शेहेचाळीस.
पेटी हळू सरकते,
म्हाताऱ्या माणसाने अंगण ओलांडावं तशी,
आणि सातव्यावर टेकते.

मी धावत जिना उतरतो.
दार उघडं. आत दिवा. कुणी नाही.
कोपऱ्यात वालाचं एक सालपट
पंख्याच्या वाऱ्यावर जागच्या जागी फिरतंय.

वर परत जायचंय. मार्कर तिथेच राहिला,
तारीख लिहायची आहे.
वापरू का लिफ्ट?
आत पाऊल टाकतो. भार माझा, अडुसष्ट किलो.
चौदा दाबतो.