ऑगस्टची प्रत

बेलार्मिनो मास्तर चीजच्या कारखान्यात होते.
फळ्यांवर ओळीने मांडलेली चाकं, हातात छोटी हातोडी,
एकेकावर टकटक करून कान लावायचे
आणि आत कुठे पोकळी धरलीय ते सांगायचे.
मी नऊ वर्षांची असताना माझी परीक्षा तिथेच झाली.
"हे ऐक. आता हे. फरक काय?"
मी म्हटलं, दुसरं जरा उदास आहे.
त्याच संध्याकाळी मला क्लॅरिनेट मिळाली,
तिसऱ्या रांगेतली,
आधीच्या मुलीच्या दातांच्या खुणांसकट.

साओ जॉर्ज बेटाच्या पार टोकाला आमची वस्ती.
वर कडा, खाली समुद्र,
मधे चर्च, गुरुवारपुरता डॉक्टर,
आणि बँडची खोली.
अडतीस वर्षं, मंगळवार आणि शुक्रवार.
गाय व्याली तरी. बोट आली नाही तरी.
भूकंपानंतरच्या पहिल्या शुक्रवारीसुद्धा,
छप्पर नव्हतं म्हणून अंगात कोट घालून.
लग्न असेल तर वरातीच्या पुढे वाजवायचं,
कुणी गेलं तर त्याच्या मागे.
पैसे कुणी दिले नाहीत,
सणाला रस्सा-पाव मात्र पोट फुटेस्तोवर.

माणसं जात राहिली.
आधी दोन कॉर्नेट, सख्खे भाऊ,
कॅलिफोर्नियाला, तिथेही गाईंच्याच मागे.
मग दिओलिंदा, जिच्या सॅक्सोफोनवर निम्म्या गावाचा जीव.
ओनोरातो ट्यूबा घेऊनच गेला,
तीन वर्षांनी ट्यूबा परत आला, तेवढाच.

दर वेळी मास्तर रात्रभर बसायचे
आणि जांभळ्या शाईने तोच मार्च पुन्हा लिहायचे.
कॉर्नेटचं बासरीला,
ट्यूबाचं ओझं दोन ट्रॉम्बोनांत वाटून,
दिओलिंदाच्या दोन ओळी माझ्याकडे.
मी म्हटलं, मला नाही जमायचं तिच्यासारखं.
"तिच्यासारखं कोण म्हणतंय?
ती नाही हे ऐकू येऊ नये, एवढंच बघ."
आणि दारापाशी गेल्यावर, मागे वळून,
"थोडं आलं तरी चालेल."

गेल्या हिवाळ्यात त्यांचा उजवा खांदा गेला.
काठी माझ्याकडे आली, सोबत एक पत्र्याची पेटी.
आत सुतळीने बांधलेले दोन गठ्ठे.
एकावर लिहिलेलं: हिवाळा, सतरा.
दुसऱ्यावर: ऑगस्ट, एक्केचाळीस.
एकही वाद्य गाळलेलं नाही.
पानापानाच्या कोपऱ्यात नाव, आणि बारीक पेन्सिलीने:
"चष्मा लागलाय, ठळक लिहिणे."
"नवीन दात. वरचे सूर नकोत."
"मुलाला आणणार आहे, झांजा रिकाम्या ठेवणे."
ओनोरातोच्या नावापुढे क्रूस,
आणि खाली ट्यूबाचे सगळे सूर,
पहिल्यापासून शेवटपर्यंत, नव्याने उतरवलेले.

ऑगस्टात विमानं भरून आली माणसं,
सुटलेल्या पोटांची, रापलेल्या मानांची,
इंग्रजीत भांडणाऱ्या नातवंडांना घेऊन,
आणि कुणाला न विचारता
जो तो आपापल्या खुर्चीवर जाऊन बसला.
दिओलिंदाने तिच्या दोन ओळी परत घेतल्या.
बरं वाजवलं.
माझं जास्त चांगलं व्हायचं, पण हे कुणाला सांगू नका.

मास्तर शेवटच्या रांगेत होते.
पुढे दोरीला टांगलेला ट्रँगल,
ठोकायला कारखान्यातली तीच हातोडी.
एकशे चार मात्रा गप्प, मग एक ठोका, संपलं काम.
त्यांची वेळ आली तशी मी खूण करायला मान उचलली.
ते माझ्याकडे बघतच नव्हते.
शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे कान तिरका करून,
हातोडी अर्धी उचललेली,
ओठ हलत होते,
अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव.