कय्यिम

मनामाच्या कोर्टात एसी इतका गार
की दादाने दोन्ही हात काखेत घातले.
दुभाषा मलबारी. त्याच्या हिंदीतून
न्यायाधीशांची अरबी आमच्यापर्यंत यायची
तोवर तिच्यातला दरारा थोडा वितळलेला.

आज वार कोणता?
दादा म्हणाला, पगार झाला नाही अजून.
दहा दिनारांतून तीन गेले तर?
"कोणाक दिले, ता इचार आधी."
दुभाष्याने हे पुढे सांगितलं नाही.
नुसती मान हलवली, आणि कारकुनाने काहीतरी लिहिलं.

मग माझ्याकडे बोट: हा कोण तुझा?
दादा पाहत राहिला. बराच वेळ.
हिद्दच्या गोदीत असाच पाहायचा
काच कपाळावर सारून,
जोड थंड व्हायची वाट बघत.
म्हणाला, "ह्यो माझ्याकडे रवता."
दुभाषा म्हणाला: भाऊ.

निकालात मला एक शब्द मिळाला, कय्यिम.
मला ऐकू आलं, कायम.
दुभाष्याला विचारलं. तेच, म्हणाला, जवळजवळ तेच.
शिक्का ओला होता. त्यावर फुंकर मारली मी,
दादा माझ्या प्रगतिपुस्तकावर मारायचा तशी.
'पालकाची सही'च्या पुढे
विश्राम भिकाजी धुरी, उतरणीला लागलेली अक्षरं.
वीस वर्षांचा असेल तेव्हा.
आबा खाडीतून परत आले नव्हते त्या साली.

आता त्याची सही कुठेच चालत नाही.
बँकेत माझी. इस्पितळात माझी.
ग्रॅच्युइटी किती, कधी, कोणत्या खात्यात, माझी.
देवगडच्या जमिनीतला त्याचा हिस्सा विकायचा का
हे विचारायला चुलत्याचा फोन थेट मला येतो,
आणि मी एकदम 'अहो दिगंबरराव' झालेला असतो.

कागदात लिहिलंय: त्याच्या हिताचं असेल ते.
हित.
तो रोज पहाटे चारला उठून डांगरी चढवतो,
पुष्कळदा उलटी,
आणि कंपनीची बस थांबायची तिथे जाऊन उभा राहतो.
ह्यात कसलं हित, डॉक्टरीण विचारते. गाडीखाली येईल एखाद्या.
म्हणून एकदा मी डांगरी लपवली.
त्या दिवशी तो जेवला नाही. रागावलाही नाही.
विचारत राहिला, माझी चूक काय झाली.

तेव्हापासून चारचा गजर मी लावतो.
दोघं उभे राहतो. बस येते,
पेशावरकडचा ड्रायव्हर हात करतो, जातो.
"उद्या आसा ड्यूटी," दादा म्हणतो,
आणि आम्ही कोपऱ्यावर करक चहा घेतो, शंभर फिल्सचा.
ह्याहून जास्त हित मला अजून समजलेलं नाही.

काल तिकिटं आली. परतीचं फक्त माझं आहे.
त्याला सांगितलं नाही.
सांगायला हवं, असं कागदात नाही.
मी पासपोर्ट तपासत होतो, दोन निळे,
तर त्याने हात पुढे केला:
"दी हडे. मी ठेवतंय. तू हरवतलंस."
बावीस वर्षांपूर्वी इथल्याच विमानतळावर हेच म्हणाला होता
आणि मी चिडलो होतो. मिशी फुटली होती ना नुकती.

दिले. दोन्ही.
त्याने छातीच्या खिशात घातले. बटण लावू लागला.
बोटं ऐकत नव्हती.
मी मदत केली नाही.