पासंग

कीथलीच्या पोस्टात तीन नंबरच्या खिडकीत मी बसते.
या गावाचं स्पेलिंग एक, उच्चार भलताच;
सतरा वर्षांत तेवढं अंगवळणी पडलं,
लिहायचं एक आणि म्हणायचं दुसरं.

लढाई सुरू झाली तशी सैनिकांची पार्सलं फुकट झाली.
दोन किलोपर्यंत.
वर एक ग्रॅम गेला की काट्यावरचा आकडा लाल होतो
आणि मला म्हणावं लागतं, "काहीतरी काढा, लव्ह."

मॉरीन अॅक्रॉइड दर मंगळवारी येते.
काउंटरवरच दातांनी चिकटपट्टी तोडते.
मोजे, चहाच्या पिशव्या, पायाची पावडर,
आल्याचा केक, घरी केलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
"काय काढू?" हे ती मला विचारते.
उत्तर रांग देते:
"मोजे राहू देत, मॉरीन. तिकडे वाळू फार."
"जा म्हणून कुणी सांगितलं होतं?" असं कुणीतरी पुटपुटतं,
कुणीतरी मान वळवून बघतं,
मग दोघंही आपापलं गॅसचं बिल वाचू लागतात
जणू आजच आलंय.

सग्डन म्हातारा गिरणीत लोकर रंगवायचा.
शनिवारी लायब्ररीपुढे पुठ्ठा धरून उभा असतो;
पुठ्ठ्यावरची अक्षरं पावसानं ओघळलीत,
"आमच्या" तेवढं वाचता येतं.
त्याचं आणि मॉरीनचं कुंपण एकच.
चाळीस वर्षं त्यावरून रुबार्ब इकडून तिकडे जायचा,
फेब्रुवारीपासून जात नाही.
एका मंगळवारी पेन्शन घेतली, वळला,
खिशातून पेपरमिंटची पुडी काढून
तिच्या उघड्या खोक्यात टाकली.
"मी दिली म्हणून लिहू नकोस."
आकडा लाल. बारा ग्रॅम जास्त.
मी शिक्का मारला.

बार्शीच्या अडतीवर माझे वडील तोलार होते.
पहिल्या मापाला "एक" म्हणायचे नाहीत, "लाभ" म्हणायचे.
आणि त्याआधी रिकामी तागडी उचलून
चार जणांना दाखवायचे, बघा, पासंग नाही.
बारा ग्रॅम त्यांनी सोडले नसते.
की सोडले असते? विचारायचं राहून गेलं.

काझिम नाभिक आला तो जेवणाच्या सुट्टीआधी.
लहान खोकं. चारशे दहा ग्रॅम.
रक्तदाबाच्या गोळ्या, आईचा नवा चष्मा,
भाचीचे बूट, "मापाचे असतील की नाही देव जाणे."
पत्ता बसऱ्याचा. दोन्ही लिप्यांत, सुवाच्य.
मी पुस्तक उघडलं. देशाच्या नावापुढे
दर होता तिथे आडवी रेघ.
"सेवा बंद आहे," मी म्हटलं, "पैसे भरले तरी."
तो चिडला असता तर बरं झालं असतं.
"मॉरीनबाईंचं जातं ना," म्हणाला, "तिथेच.
त्यांच्या मुलाच्या डोक्यावर मशीन मीच फिरवली, जायच्या आदल्या दिवशी.
दोन नंबरची. टिप ठेवली त्यानं."
मग खोकं इकडे सरकवून म्हणाला,
"रेघ पुसली की पाठवा. तोवर राहू दे."

ते माझ्या डब्याशेजारी आहे. नववा आठवडा.
मंगळवारी मॉरीन येते, कधी सोळाशे ग्रॅमच भरतात,
आणि माझ्या जिभेवर काहीतरी येतं, परत जातं.
भाचीचे पाय वाढले असतील.

घरी यांनी विचारलं, तुझं काय मत?
ऑफिसात सगळ्यांचं आहे म्हणे, हिरिरीनं.
मी म्हटलं, भाजी घ्या, गार होतेय.
माझं मत पासंगालाही पुरायचं नाही.

आज साडेपाचला पट्टी ओढली, दिवे मालवले.
रिकाम्या काट्यावर चार ग्रॅम.
धूळ असेल म्हणून पुसलं.
चारच.