बावीस मिनिटं

सबेलाकडे चांगले कॅमेरे होते.
एक जर्मन, घटस्फोटात भांडून मिळवलेला,
एक डिजिटल, काळोखातही माशाचे खवले मोजणारा.
तरी व्हिगोच्या उत्तरेला, महिन्याभरात बंद होणाऱ्या
सार्डिनच्या कारखान्यात ती आली
ती काखेत पत्र्याचा डबा मारून.
डबा याच कारखान्याचा, पाच किलोचा,
आतून काळा रंगवलेला,
पोटाला सुईच्या टोकाएवढं भोक
आणि भोकावर चिकटपट्टी.
भिंग नाही, बटण नाही.

म्हणाली, ज्यात इतकी वर्षं मासे भरले
त्यातच आता कारखाना भरून घेते.
वाक्य चांगलं होतं. तिलाही ते ठाऊक होतं.

कागद धुतले, छापले.
संगमरवरी टेबलं आली,
छपराच्या काचेतून उतरणारा उजेड आला
कडेला डब्यासारखाच वाकलेला.
घड्याळ आलं, मिनिटकाटा वगळून.
एरुंदिनाने एप्रनला हात पुसले,
फोटो खिडकीशी नेला.
"टेबल छान आलंय," म्हणाली.
"आम्ही कुठे आहोत?"

तेवीस जणी होत्या त्या टेबलाशी.
मुंडकं, आतडं, मीठ, डबा,
मुंडकं, आतडं, मीठ.
जे हलतं ते त्या भोकाला दिसत नाही.
कुणी कामचुकार असती तर आली असती.
मुकादम आला होता,
दाराला टेकलेला, मिशीसकट स्पष्ट.

त्या रात्री सबेलाने जर्मन कॅमेरा काढला.
सेकंदाचा पाचशेवा भाग:
सुरी हवेत थांबेल,
बोटं येतील, बोटांवरच्या चिरा येतील.
पण चाळीस वर्षांतलं
एवढंच का चिमटीत धरायचं?
तिने तो पुन्हा फडक्यात गुंडाळला.

सकाळी तोच डबा.
"बसाल का? बावीस मिनिटं. हलायचं मात्र नाही."
कुणीतरी फिसकन हसलं.
"इथे?" ओब्दुलियाने विचारलं.
"एकोणचाळीस वर्षांत या फरशीवर
मला कुणी बस म्हटलेलं नाही."

खुर्च्या नव्हत्याच.
मिठाच्या गोण्या ओढल्या, क्रेट पालथे घातले,
दोघी टेबलावरच चढून बसल्या
पाय लोंबकळत, शाळेतल्यासारख्या.
सबेलाने पट्टी सोलली.

पहिल्या पाच मिनिटांत हातांना काय करावं कळेना.
ते मांडीवर पडून राहिले,
सवयीने मधूनच थरथरत.
बाहेर बंदरात कुठली तरी बोट भोंगा देत होती.
कुणाचं पोट वाजलं, कुणी हसू गिळलं.
मुकादम पूर्ण वेळ येरझाऱ्या घालत होता,
म्हणून या फोटोत तो नाही.

हात जरा धूसर आले आहेत.
एरुंदिनाचे ओठही; ती काहीतरी पुटपुटत असावी.
सगळ्यांत स्वच्छ आली एर्मितास.
पापण्या, कपाळावरची जाळी, गालावर चिकटलेला एक खवलासुद्धा.
तिला झोप लागली होती.